मिकिनेस: समुद्र हो म्हणेल तेव्हा

फेरो बेटं नकाशावर शोधायची तर स्कॉटलंड, आइसलंड आणि नॉर्वे या तिघांच्या मधल्या निळ्या जागेत बोट ठेवायचं. एकूण १८ बेटं. डेन्मार्कच्या राज्यात असली तरी कारभार त्यांचा त्यांचा. माणसं ५०,००० च्या थोडी वर आणि मेंढ्या त्याहून जास्त. यातलं सगळ्यात पश्चिमेचं बेट मिकिनेस. क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस किलोमीटर, गाव एकच, त्याचंही नाव मिकिनेसच, आणि बारा महिने तिथे राहणारी माणसं दहाच्या आसपास. माझा दादा कोपनहेगनला नोकरी करतो, त्यामुळे मोठं अंतर एरवीही कापायचंच होतं. जुलैत दादा, वहिनी आणि मी असे निघालो.

व्हिसाचं आधी सांगून टाकते, कारण इथे बरेच जण अडकतात. फेरो बेटं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही. डेन्मार्कच्या व्हिसावर तो फेरोसाठीही वैध असल्याचा शेरा लागतो. अर्ज भरतानाच तसं मागून घ्या, मागाहून धावपळ नको.

शुक्रवार: सोर्वागुर

कोपनहेगनहून विमान दोनेक तासांत पोचतं. शेवटची दहा मिनिटं खिडकीबाहेर नुसता पांढरा ढग, आणि मग एकाएकी दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर आणि खाली पाणी. वागार बेटावरची ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बांधली. आजही सगळ्या देशाला विमानतळ म्हणून एवढाच आहे. मिकिनेसची बोट जिथून सुटते ते सोर्वागुर गाव विमानतळाला खेटूनच आहे, म्हणून मुक्काम तिथेच ठेवला.

घरमालकांना चावी घेताना विचारलं, "उद्याची बोट नक्की जाईल ना?" त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी बघू." पुढचे सगळे दिवस आमच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळणार होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पलीकडच्या बोउर गावात गेलो. काळी डांबर फासलेली लाकडी घरं, छपरावर गवत, आणि समोर समुद्रात टिंडहोल्मुर हे करवतीसारखं दातेरी बेट. पाच सुळके, पाचांना पाच नावं. त्यातल्या एकाचं नाव आर्नी, म्हणजे गरुड. तिथे कधीकाळी एक कुटुंब राहायचं, गरुडाने त्यांचं तान्हं मूल उचलून त्या सुळक्यावर नेलं आणि आई कडा चढून गेली तोवर उशीर झाला होता, अशी लोककथा आहे. वहिनीने ती फलकावर वाचली आणि पुढचा अर्धा तास बोलली नाही. रात्रीचे अकरा वाजले तरी पुस्तक वाचता येईल इतका उजेड होता. या दिवसांत जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी नक्की न्या, पडदे पुरत नाहीत.

शनिवार: बोट नाही, टपालवाट

सकाळी सातलाच मेसेज आला की लाटा मोठ्या आहेत, आजच्या दोन्ही फेऱ्या रद्द. पैसे परत मिळाले, दुसऱ्या दिवशीच्या बोटीत जागाही मिळाली, तक्रारीला वाव नाही. मग दिवस गासादालुरला दिला, आणि खरं सांगायचं तर बोट रद्द झाली हे बरंच झालं.

गासादालुर म्हणजे इंटरनेटवर सतत दिसणारा तो धबधबा, कड्यावरून थेट समुद्रात पडणारा. मूलाफोसुर त्याचं नाव. आता बोगद्यातून गाडीने गेलं की थेट गावात उतरता येतं. पण हा बोगदा झाला या शतकात. त्याआधी गावात यायला दोनच रस्ते होते: समुद्रातून येऊन कड्याखाली उतरायचं आणि वर चढायचं, नाहीतर चारशे मीटरहून उंच डोंगर ओलांडायचा. टपालवाला आठवड्यातून तीनदा हा डोंगर चढून-उतरून यायचा. आम्ही गाडी बोगद्याच्या अलीकडेच लावली आणि त्याच्या वाटेने निघालो.

वाट दगडांच्या ढिगाऱ्यांनी दाखवलेली आहे. उजवीकडे चढ, डावीकडे उतार, आणि उतार संपतो तिथे थेट समुद्र. अर्ध्या तासावर एक मोठा सपाट दगड लागतो. गासादालुरला स्वतःची दफनभूमी १८७३ पर्यंत नव्हती. माणूस गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन लोक हा डोंगर चढायचे आणि पलीकडे बोउरला नेऊन पुरायचे. पेटी टेकवून दम खायला मिळायचा तो या दगडावर. आमच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि सँडविच एवढंच होतं, तरी आम्ही तिथे बसलो तेव्हा धाप लागलेली होती. वारा असा की दादाची टोपी गेली ती गेलीच.

वर पोचल्यावर समोरचे डोंगर पाहून मी चकितच झाले. थरावर थर रचल्यासारखे कडे, मधे मधे तांबड्या मातीची बारीक पट्टी, पावसाने निथळणारे शंभर ओहोळ: झाडं तेवढी वजा करा की ऑगस्टातली सह्याद्रीची घाटमाथ्याची धार. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. दोन्हीकडचा दगड एकच, बेसॉल्ट. जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर येऊन पसरला, त्याचे हे थर. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, यांचा त्यानंतरचा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जी राख आणि माती साचली तिची ती तांबडी पट्टी. सह्याद्रीत भटकलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

गावाकडचा उतार मात्र जपून. गवत ओलं असतं आणि घसरलं तर अडायला काही नाही. पाऊस असेल तर ही वाट करूच नका, बोगद्याने जा. त्यात कमीपणा काही नाही.

धबधब्यापाशी उभं राहिलं की समोर मिकिनेस दिसतं. दिवसभर ते समोर होतं, स्वच्छ उन्हात, आणि आमच्या मधल्या पाण्यात पांढरे फेसाळ पट्टे उठत होते.

रविवार: पायऱ्या आणि पक्षी

बोट सुटली! छोटी आहे, पाऊण तासाचा प्रवास. द्रांगार्निरच्या दगडी कमानीजवळून जाताना सगळे फोन बाहेर निघाले. उघड्या समुद्रात आल्यावर सगळे आत गेले. वहिनी गोळी घेऊन बसली होती म्हणून तरली. मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधी तासभर घ्यायची, बोट डोलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

मिकिनेसला बंदर म्हणावं असं काही नाही. कड्यात एक अरुंद फट आहे, तिच्यात काँक्रीटचा छोटा धक्का, आणि तिथून सरळ वर चढणाऱ्या पायऱ्या. बोट लाटेबरोबर वर येते, खलाशी तुमचं मनगट धरतो, "आता!" म्हणतो आणि तुम्ही पाय टाकता. एका लाटेचा विचार केलात तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. बोटी इतक्या वेळा का रद्द होतात ते या धक्क्यावर उभं राहिल्यावर लख्ख कळतं. अंतराचा प्रश्नच नाही, उतरायला जागा नाही.

पायऱ्या संपल्या की गाव दिसतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना चाळीसेक घरं, बहुतेकांवर गवताचं छप्पर, मधे १८७९ चं लहानसं चर्च. गाड्या नाहीत कारण रस्तेच नाहीत. एकेकाळी इथे दीडशेहून जास्त लोक होते. आता बहुतेक घरांना उन्हाळ्यापुरतीच जाग येते. आमच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, हिवाळ्यात राजधानी तोर्सहावनला मुलीकडे असतात आणि मे उजाडला की इथे येतात. "इथे काय करता उन्हाळाभर?" या दादाच्या प्रश्नावर त्यांनी हाताने भिंत, छप्पर, कुंपण, बटाट्याचा वाफा असं एकेक दाखवलं आणि विचारलं, "तुला किती वेळ आहे?"

बहुतेक लोक इथे येतात पफिन या समुद्रपक्ष्यासाठी. फेरोत त्याला लुंदी म्हणतात. एप्रिलमध्ये समुद्रावरून येतो, मऊ मातीत बीळ करतो, एकच अंडं घालतो आणि ऑगस्ट सरताना परत समुद्रावर जातो. जोडी दरवर्षी बहुधा त्याच बिळात परतते. फोटोत तो मोठा वाटतो, प्रत्यक्षात वीतभर उंचीचा आणि अर्धा किलोसुद्धा भरत नाही. गावातून वर चढलं की पंधरा-वीस मिनिटांतच उतारभर हेच.

एक अगदी जवळून पाहिला. वाटेच्या कडेला मी बसले होते, तो समुद्रावरून आला, केशरी पाय फाकवून, पंख इतके जलद हलवत की ते दिसेनात. धपकन उतरला. चोचीत चंदेरी मासोळ्या आडव्या, सहा-सात तरी असतील, दोन्ही बाजूंना शेपट्या लोंबताहेत. डोळ्याभोवतीच्या त्या रेषांमुळे चेहरा कायम चिंताक्रांत. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डोक्यावर एक काळपट समुद्रपक्षी घिरट्या घालत होता, तो घास पळवायलाच टपलेला असतो. मग लगबगीने चार पावलं आणि थेट बिळात. आतून म्हातारा माणूस झोपेत कण्हावा तसा आवाज आला. दोन मिनिटांनी रिकाम्या चोचीने बाहेर, आणि पुन्हा समुद्राकडे.

त्या काळपट पक्ष्याने परत येताना वहिनीच्या डोक्यावरही दोनदा झेप घेतली. त्याचं घरटं जवळ असलं की तो माणसाला सोडत नाही. हातातली काठी डोक्याच्या वर उभी धरायची, तो काठीच्या टोकावर हल्ला करतो.

दीपगृहाचं मात्र राहिलं. ते १९०९ चं आहे, शेजारच्या मिकिनेसहोल्मुर या बेटावर. दोन बेटांच्या मधल्या खोल घळीवर पादचारी पूल आहे. पण दरड कोसळल्यामुळे तिकडची वाट बंद होती. जुने ब्लॉग वाचून जाऊ नका, निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर कुठली वाट खुली आहे ते बघा. बोटीच्या तिकिटाशिवाय चालण्याचं वेगळं शुल्क आहे, तेही आधी ऑनलाइन भरावं लागतं. आणि आखलेली वाट सोडू नका. पायाखालची जमीन बिळांनी पोकळ असते, पाऊल आत गेलं की घर मोडतं आणि तुमचा घोटाही.

सोमवार: मेंढ्या

एका दिवसात जाऊन-येऊन करणारे पाहुणे संध्याकाळच्या बोटीने गेले आणि गाव एकदम रिकामं झालं. माझं स्पष्ट मत आहे की मिकिनेसला राहायचं नसेल तर जाऊच नये. चार तासांत पफिन दिसतात, गाव दिसत नाही.

सकाळी कुत्र्यांच्या आवाजाने जाग आली. लोकर कापायचा दिवस होता. मेंढ्यांचे मालक, त्यांचे भाऊबंद, मुलंबाळं आदल्या दिवशीच इतर बेटांवरून आली होती. पंधरा-वीस माणसं डोंगरावर लांब ओळ करून पसरली आणि ओरडत, हात हलवत खाली यायला लागली. मेंढ्या पुढे, मागे माणसं. घरमालकीणबाईंनी आम्हाला एका दगडी भिंतीपाशी उभं केलं आणि बजावलं, "इथून एकही सुटता कामा नये." आमच्या बाजूने एक सुटलीच, पण तिला अडवायला नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याहून जास्त कामाची निघाली.

भिंतीच्या आत मेंढीला गुडघ्यात धरायचं, हाताच्या कात्रीने मानेपासून लोकर सोडवायची. जाणत्या हाताने ती एका तुकड्यात, गोधडीसारखी निघते. दादाला एक कात्री दिली गेली. त्याची मेंढी ठिकठिकाणी केस राहिलेली, ओशाळलेली अशी बाहेर पडली आणि सगळा वाडगा हसला. हाताला मात्र त्या लोकरीचं तेल लागलं की कातडी मऊ होते, ते दोन दिवस जात नाही, वासासकट.

लोकरीला आता फारसा भाव नाही, मेंढ्या पाळतात त्या मांसासाठी. रात्री तेच ताटात आलं. स्केर्पीच्योट म्हणजे वाऱ्यावर वाळवलेलं मटण. मीठ नाही, धूर नाही. समुद्राकडे तोंड असलेली फळ्यांची खोपी असते, फळ्यांमध्ये बोटभर फटी, तिच्यात आख्खी मांडी महिनोन्‌महिने टांगून ठेवायची. काम खारा वारा करतो. पातळ काप काढून काळ्या पावावर लोण्याबरोबर. वास उग्र, जुन्या चीजच्या अंगाने जाणारा, पण चव वासापेक्षा पुष्कळ सौम्य. दादाने तीनदा घेतलं. मी एकदा घेतलं आणि मान डोलावली. वहिनी शाकाहारी, तिने उकडलेले बटाटे, पाव आणि रूबार्ब या आंबट देठांच्या भाजीचा मुरंबा असं जेवण केलं, आणि तो मुरंबा तिने अक्षरशः वाटीने खाल्ला. इथे घरामागे वाफ्यात रूबार्ब माजलेला असतो. शाकाहारी मंडळींनी डाळ-तांदूळ, थेपले, काय लागेल ते सोबत आणावं. मिकिनेसला भरवशाचं दुकान नाही, एटीएम नाही, आणि वागारवरच्या दुकानांतही रविवारी काही मिळेल या आशेवर राहू नये.

जेवताना बाईंनी खोपीतली एक लांब काठी दाखवली, टोकाला दोन फाट्यांत ताणलेलं जाळं. याने उडते पफिन झेलायचे. पूर्वी हिवाळ्याची बेगमी त्यावर चालायची. मासोळ्या कमी झाल्या, पिल्लं उपाशी मरायला लागली, पक्षी घटले, आणि शिकार जवळपास थांबली. आता काठी धूळ खाते. बाईंना त्याबद्दल ना खंत ना अभिमान. "होती तेव्हा खाल्ली," एवढंच.

मंगळवार: ऊन, आणि तरीही बोट नाही

आभाळ निळंशार, वारा पडलेला, आणि बोट रद्द. दादा चिडला. बाईंनी त्याला हाताला धरून धक्क्याच्या वरच्या टोकाला नेलं. दूर कुठेतरी आदल्या दिवशी झालेल्या वादळाच्या लाटा, लांबच लांब, सावकाश येत होत्या. वरून निरुपद्रवी वाटत होत्या. मग त्यातली एक त्या फटीत शिरली आणि आम्ही रविवारी ज्या काँक्रीटवर पाय ठेवला होता ते पूर्ण पाण्याखाली गेलं. दादा गप्प.

मग चर्चपासून सुरुवात करून गाव सावकाश पाहिलं. फेरोचा पहिला मोठा चित्रकार सामाल योएन्सेन-मिकिनेस इथलाच, जन्म १९०६. कोपनहेगनला शिकला, गावाचं नाव आडनावात लावलं. त्याची चित्रं तोर्सहावनच्या कलासंग्रहालयात आहेत: काळ्या कपड्यांतली माणसं, अंत्ययात्रा, किनाऱ्यावरचे निरोप. फोनवर ती चित्रं मी आधी पाहिली होती आणि भडक दुःखी वाटली होती. त्या धक्क्याच्या वर उभं राहिल्यावर तसं वाटेना. इथून कुणी निघालं की ते पायऱ्यांवरून खाली जाताना, बोटीत बसताना, बोट लहान होताना, सगळं गावाला वरून दिसत राहतं.

दुपारी बाईंनी डोंगराकडे हात करून १९७० ची हकिगत सांगितली. सप्टेंबरात वागारला उतरणारं आइसलंडचं विमान दाट धुक्यात मिकिनेसच्या डोंगरावर आदळलं. आठ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी तिघं धुक्यातून चालत गावात आली आणि गाव तसंच वर धावलं. त्या सांगत होत्या ते ऐकीव नव्हतं. कुठल्या घरातून किती पांघरुणं वर गेली हेही त्यांना पाठ होतं.

बुधवार: दोन जागा

बेटावर आठवड्यातले काही दिवस हेलिकॉप्टर येतं. ते रहिवाशांच्या सोयीसाठी आहे, पाहुण्यांना जागा उरली तर आणि तीही एकाच बाजूची. बाईंनी फोन केला. दोन जागा होत्या. आम्ही तिघं.

दादाने लगेच स्वतःहून मागे राहायचं ठरवलं. इतक्या लगेच की वहिनीने भुवया उंचावल्या. मेंढ्यांचा दुसरा कळप दुपारी यायचा होता, हे नंतर कळलं. आम्ही दोघी गवतावरून उडालो, दहाएक मिनिटांत वागार. टिंडहोल्मुरचे सुळके खिडकीच्या उंचीवर आले होते.

तेव्हा नियोजनाबद्दल एवढंच: मिकिनेस सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको, आणि त्यानंतर दोन दिवस मोकळे सोडा. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर जाऊच नका. फेरोच्या नोटा सुंदर आहेत आणि डॅनिश क्रोनच्या बरोबरीने चालतात, पण फक्त फेरोत. डेन्मार्कच्या दुकानात कुणी घेत नाही, म्हणून निघण्याआधी बदलून घ्या.

दादा गुरुवारी संध्याकाळच्या बोटीने आला. तळहाताला कात्रीचे फोड, अंगाला मेंढीचा वास, आणि चेहऱ्यावर मोठं हसू. "ऑक्टोबरात मेंढ्या कापतात, तेव्हा माणसं कमी पडतात. ये म्हणाल्यात."

वहिनीने सीटबेल्ट लावला आणि म्हणाली, "खुशाल जा. येताना मुरंबा आण."